मुकादमाला दिलेली गोळी

कडूबाई गर्जेला वाडीत कुणी कडूबाई म्हणत नाही. लहानथोर सगळे आक्का म्हणतात. कंबर धरून आलेलं माणूस आक्काच्या ओट्यावरून तसंच कण्हत परत गेलं, असं गेल्या वीस वर्षांत झालेलं नाही. पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी ही वाडी. दिवाळी झाली की निम्मी वाडी ऊस तोडायला जाते, घरांना कुलपं लागतात आणि मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि आक्का. आता आक्का म्हातारी नाही का? आहे की, बासष्ट वर्षांची आहे. पण तिला तसं तोंडावर म्हणून दाखवा एकदा, मग बघा!

तिच्या कमरेला एक बटवा असतो. त्यात सुपारी, कात, चुन्याची डबी आणि गोळ्यांचं पाकीट. गोळी गुलाबी, दुखण्यावरची. तिचं खरं नाव मेडिकलवाल्याला ठाऊक, आक्काला नाही. "काय दुखतंय रं? कंबर? घे अर्दी. पोटात काय हाय का? भाकर खाऊन घे, रिकाम्या पोटी घेऊ नको," असं म्हणत ती गोळी नखानं मोडणार आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवणार. पैसे विचारलेत तर शिव्या खाल.

ही सवय तिला ऊसतोडीच्या फडात लागली. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच हंगामात ती नवऱ्याबरोबर श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेली. पहाटे उठायचं, दिवसभर वाकून तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पंधराव्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना. शेजारच्या कोपीतल्या एका बाईनं, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या शेजारणीनं, तिच्या तोंडात अर्धी गोळी घातली आणि म्हणाली, "गीळ आन् चल." आक्कानं गिळली, आणि चालायला लागली. त्या बाईचे उपकार ती अजून सांगते. फडात तुम्ही निजून राहिलात तर जोडीदार एकटा पडतो, आणि एकट्यानं ऊस तुटत नसतो. त्यामुळं दुखतंय म्हणून बस, असं तिथं कोण म्हणणार? ज्यांच्याकडं द्यायला दुसरं काही नसतं, ते गोळी देतात. आक्काच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं की जीव लावणं म्हणजे गोळी देणं, असं तिचं गणितच होऊन गेलं. नवरा अजिनाथ असताना ती त्याला आधी द्यायची आणि मग स्वतः घ्यायची. सहा वर्षांपूर्वी तो गेला. गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपासून आक्काचं फडात जाणं बंद झालं, पण सकाळी एक आणि संध्याकाळी एक, हे बंद झालं नाही.

आता मुकादमाचं सांगायला पाहिजे. मुकादम म्हणजे तिचा कुत्रा. बारा वर्षांपूर्वी उसाच्या बांधावर सापडलेलं हे पिवळट पिल्लू. ते सावलीला बसून सगळ्यांचं काम बघायचं, स्वतः कवडीचं काही करायचं नाही. अजिनाथ म्हणाला, "ह्यो तर आपला मुकादमच हाय की!" झालं, नाव पडलं. टोळीचा खरा मुकादम दोन दिवस फुगून बसला होता, पण तिसऱ्या दिवशी तोच आपल्या ताटातली भाकरी मोडून त्याला घालायला लागला.

पण याच मुकादमाचं एक काम होतं, आणि ते त्यानं असं केलं की माणसालाही जमू नये. गोरक्षनाथ हा आक्काचा मुलगा. त्याची मुलगी सृष्टी तेव्हा चार महिन्यांची. फडाच्या कडेला बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, पोरीला तिच्यात निजवायचं आणि सगळ्यांनी तोडीला लागायचं. उसात बिबट्या असतो, हे काय सांगायला पाहिजे? झोळीखाली मुकादम बसायचा. एका दुपारी तो असा भुंकला की सगळा फड कोयते घेऊन पळत आला. बिबट्या गेला होता. मुकादमाचा डावा कान फाटून लोंबत होता, आणि तो झोळीखालून तसूभर हलला नव्हता. सृष्टी आता पाचवीत आहे. आईबाप फडात, आणि ती आजीजवळ. आक्का म्हणते, "नात माजी हाय, पर ती ठेवलीया ह्यानं."

तर असा हा मुकादम यंदा संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात वानरांच्या मागं लागला आणि दगडी गडग्यावरून खाली पडला. बारा वर्षांच्या कुत्र्यानं वानरांच्या नादी लागावं का? पण खोड ती खोड. मागचा उजवा पाय तो टेकवेना, बसताना कण्हायला लागला. आक्काला ते कण्हणं ऐकवेना. तिनं काय करावं? जे ती सगळ्यांना करते तेच. अर्धी गोळी गुळात घातली, गूळ भाकरीत घातला, आणि मुकादमानं तो घास गट्टम केला.

सकाळी बघते तर मुकादम चालतोय! लंगडत का होईना, पण पार मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आला. आक्कानं वाडीभर सांगितलं, "बगा, माज्या हाताला गुन हाय का न्हाई!" संध्याकाळी पुन्हा अर्धी. दुसऱ्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरीकडं तोंड फिरवलं. आक्का म्हणाली, दुखणं जोर करतंय. आता दुखणं जोर करतंय म्हटल्यावर माणसालाही आपण अर्धीवरून आख्खीवर नेतो की नाही? तिनं आख्खी गोळी तुपात बुडवली, जबडा उघडून घशाखाली ढकलली. चौथ्या दिवशी सकाळी मुकादम ओकला. त्याची शी डांबरासारखी काळी झाली. आक्कानं ती राखेनं झाकून टाकली, सृष्टीला दिसू नये म्हणून. आणि, काय सांगावं, आणखी एक आख्खी दिली. कुत्रा जितका बिघडत गेला, तितकी तिची माया वाढत गेली, आणि माया वाढली तितकी गोळी वाढली.

दहाच्या सुमाराला मुकादमानं मान टाकली. सृष्टी रडायलाच लागली, "आजी, त्याला दवाखान्यात ने, नाहीतर मी शाळेत जाणार नाही." आक्कानं काकासाहेबाला हाक मारली. काकासाहेब त्याच वाडीतला, वाडी ते पाथर्डी जीप चालवतो आणि स्वतःच्या पाठीसाठी आठवड्यातून दोनदा आक्काची गुलाबी गोळी घेतो. पुढच्या सीटवर आक्का बसली, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला मुकादम. मागचे एक-दोन प्रवासी "कुत्रं जीपमधी?" म्हणून कुरकुरले, तेव्हा काकासाहेब म्हणाला, "मुकादम हाय त्यो. जागा तुमाला न्हाई, त्याला हाय."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर धनश्री म्हणून एक तिशीच्या बाई होत्या. त्यांच्यासमोर आक्काच्या आधी एका बैलाचा नंबर होता. बैलवाला आप्पासाहेब, बैल टायरगाडीचा, खुरापासून गुडघ्यापर्यंत पाय सुजून टम्म झालेला.

"आधी लंगडत होता तेव्हा काय केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"फडात एका जनाकडून विंजेक्शन मारून घेतलं. सकाळी चांगला चालाया लागला."

"मग?"

आप्पासाहेब खाली बघून म्हणाला, "मंग जुपला."

डॉक्टर बाईंचा आवाज चढला. "अहो, इंजेक्शननं दुखणं थांबतं आणि सूज उतरायला मदत होते, पण पाय काही रात्रीत भरून येत नाही! दुखणं थांबलं, त्या वेळात त्याला बसवायचं असतं. तुम्ही त्याच पायावर दीड-दोन टन ऊस ओढायला लावलात. त्याला कळलंसुद्धा नाही की पाय मोडतोय."

आणि इथं आक्कानं गप्प बसावं की नाही? पण तिच्या जिभेला हाड कुठं आहे! गोधडीतला कुत्रा सावरत ती पुढं झाली. "काय रं, लाज वाटती का? मुक्या जनावराला बोलता येत न्हाई म्हून तू त्याला काय बी टोचतू व्हय? आपल्याच मनानं डाक्टर झालास का? जल्मभर तुज्यासाठी राबला त्यो, आन् तू त्याचा जीव घेतूस?" आप्पासाहेब बिचारा मान खाली घालून उभा राहिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आक्काला बरं वाटलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मग तिचा नंबर आला. मुकादमाला टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी कंबर चाचपली तसा तो कळवळला.

"किती दिवस झाले पडून?"

"पाच दिस."

"घरात काही औषध दिलंत?"

आक्कानं गोधडी सारखी केली. मागं आप्पासाहेब उभा होता, काकासाहेब उभा होता, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वीचं तिचं स्वतःचंच बोलणं तिच्या कानात घुमत होतं. ती म्हणाली, "न्हाई."

"उलटी? शी कशी होतेय?"

"बरी हाय."

काकासाहेबानं तिच्याकडं बघितलं. गोळी दिल्याचं तिनं त्याला मोठ्या दिमाखात सांगितलं होतं. पण भर दवाखान्यात आक्काला खोटं पाडायची हिंमत वाडीत कुणाची आहे? तो छताकडं बघायला लागला.

डॉक्टरांनी कुत्र्याच्या हिरड्या बघितल्या. त्या पांढरट दिसल्या म्हणून त्या जरा थबकल्या, पण म्हातारा कुत्रा, खाणं सुटलेलं, असं काहीसं पुटपुटून त्यांनी सिरिंज भरली. "कमरेचं दुखणं फार आहे. हे कुत्र्याला चालणारं दुखण्याचं इंजेक्शन देते. पण आजी, परत एकदा विचारते, माणसाची कुठलीही दुखण्याची गोळी याच्या पोटात गेली नाही ना? कारण एक गेलेली असताना त्यावर हे गेलं, तर पोटात आतून रक्त सुटेल. मग मी याला वाचवू शकणार नाही."

सुईवरचं टोपण निघालं. आक्काला समोर सुई दिसत नव्हती, झोळी दिसत होती. बाभळीची झोळी आणि तिच्याखाली रक्तबंबाळ कान घेऊन बसलेला हा. अगं बाई, त्यानं त्या दिवशी पळून जायचं म्हटलं असतं तर? आणि आपण चार माणसांत तोंड काळं होईल म्हणून गप्प बसतोय?

तिनं मुकादमाच्या कमरेवर आपला तळहात आडवा ठेवला.

"थांब बाई! टोचू नको. म्या दिलीया."

"काय दिलंत?"

"माजीच गोळी. गुलाबी. दोन दिस अर्दी-अर्दी, मंग आख्खी. आज सकाळी बी दिली. आन् शी काळी हुतीया त्याची, राखंनं झाकली म्या. खोटं बोलले. मार मला काय मारायचं ते, पर ह्याला वाचीव."

डॉक्टर बाईंनी सिरिंज बाजूला ठेवली. त्या ओरडल्या नाहीत, आणि तेच आक्काला जास्त लागलं. त्यांनी पटापट सलाईन लावलं, पोटासाठी दुसरी इंजेक्शनं दिली. हात चालवता चालवता त्या सांगत होत्या, "माणसाची ही गोळी कुत्र्याला सोसत नाही, आजी. पोटाला आतून जखमा होतात, रक्त झिरपतं. तेच रक्त काळं होऊन शीतून पडतं. किडनीला मार बसला असेल तर लघवी बंद होते. येत्या दोन-तीन दिवसांत नीट लघवी करतो का, ते बघायचं. केली तर वाचला समजा."

सलाईन अडकवायचा खिळा टेबलापासून लांब होता. बाटली धरून कोण उभं राहणार, म्हणून डॉक्टर इकडंतिकडं बघत होत्या, तर आप्पासाहेब पुढं आला. त्यानं बाटली हातात घेतली आणि हात वर करून उभा राहिला. आक्का त्याच्याकडं बघेना. तो आपण होऊन म्हणाला, "असू द्या, आक्का. माज्या बैलावर बी माजा जीवच हाय." आक्काच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं.

बाटली निम्मी झाली तेव्हा डॉक्टर हात धुऊन तिच्याजवळ येऊन बसल्या. "आजी, ती गोळी तुम्ही रोज घेता?"

"व्हय. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"किती वर्षं?"

"गोरखच्या लग्नाआदीपास्न. पंदरा-सोळा झाली आसतील. फडात असताना तर कवा कवा तीन."

"पोटात जळजळ? चालताना धाप लागते?"

"आता वय झालं..."

"आणि शी?" डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला कधी अशी काळी होते का?"

आक्कानं पदर तोंडाला लावला आणि टेबलावरच्या कुत्र्याकडं बघत राहिली. दिवाळीपासून होत होतं. तिला वाटलं होतं, उष्णतेचं असेल. मग तिनं नुसती मान हलवली.

"काकासाहेब," डॉक्टर उठून म्हणाल्या, "यांना आत्ताच्या आत्ता माणसांच्या दवाखान्यात न्या. मी जनावरांची डॉक्टर आहे, मला यांना हात लावता येत नाही."

आक्का हसली. रडता रडताच हसली. "जनावरांची हाय ना तू? मंग मलाच बग की बाई. म्या बी जनावरावानीच राबलीया."

काकासाहेबानं जीपची किल्ली काढली.

त्याच दुपारी काकासाहेबानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, ते निम्म्यावर आलेलं. तिथल्या डॉक्टरानं सगळ्यात आधी गुलाबी गोळी बंद केली, तिला तीन दिवस ठेवून घेतलं, रक्ताची पिशवी चढवली. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर काय झालं असतं, हे त्यानं तिला स्पष्ट सांगितलं. मुकादम डॉक्टर बाईंकडंच राहिला, सृष्टी शेजारच्या घरी. आक्का पलंगावर पडून एकच विचारायची, "मुतला का त्यो?" परिचारिका म्हणायच्या, कोण आजी? काकासाहेब रोज जीपच्या दोन फेऱ्यांच्या मधे जनावरांच्या दवाखान्यात जाऊन यायचा आणि दारातूनच मान हलवायचा. पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी थेंब-थेंब. आक्कानं खंडोबाला, मोहट्याच्या देवीला आणि कानिफनाथाला, तिघांनाही एकाच वेळी नवस बोलून टाकला. उगाच एकावर भार नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकासाहेब धापा टाकत आत आला. "आक्का! केली! माज्या जीपच्या टायरवर केली, भरपूर! बाहेर हिंडवाया आनला, तर सरळ टायरकडं गेला."

"मुतला गं बाई माजा मुकादम!" आक्का एवढ्या मोठ्यानं ओरडली की दोन पलंगांवरची माणसं दचकून उठून बसली. "टायर धूऊ नको हां काकासाहेब, राहू दे तसंच!"

चौथ्या दिवशी दोघांनाही एकदमच सोडलं. आक्का भिंतीला धरत धरत जनावरांच्या दवाखान्यात शिरली. मुकादम टेबलाखाली बसला होता, पार वाळून गेलेला. तिला बघून त्याची शेपटी जमिनीवर दोनदा आपटली. उठायला लागला तसं तिनं त्याला खाली दाबलं आणि स्वतःच खाली बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कितीतरी वेळ ती त्याच्या फाटक्या कानामागं खाजवत राहिली आणि "चुकले रं राजा, चुकले," एवढंच म्हणत राहिली. त्यानं तिचा हात चाटला. कुत्र्याची जात, त्याला काय माहीत कोण चुकलं ते.

डॉक्टर बाईंनी कागदावर लिहिलं. पेज कधी द्यायची, पोटाचं औषध किती दिवस, कमरेला कोमट शेक कसा द्यायचा. "आणि महिनाभर पूर्ण आराम. याला कुणी उठवायचं नाही, हाकलायचं नाही. दुखत असेल तर पडून राहू द्या. पडून राहणं हेच औषध आहे."

आक्कानं कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाई, त्याच कागदावर माजं बी लिव्ह."

"आजी, तुमचं औषध मला लिहिता येत नाही. तो अधिकार नाही मला."

"औषिद कुटं मागतीया? ते त्यांनी लिव्हलंय. तू फकस्त आराम लिव्ह. माजं नाव लिव्ह आन् आराम लिव्ह."

डॉक्टरांनी मुकादमाच्या नावाखाली एक ओळ लिहिली आणि कागद तिच्या हातात दिला. आक्काला वाचता येत नाही. तिनं तो काकासाहेबापुढं धरला.

काकासाहेबानं घसा खाकरला आणि वाचलं, "कडूबाई अजिनाथ गर्जे. महिनाभर आराम. कुणी उठवायचं नाही."

"काकासाहेब," आक्का म्हणाली, "आरं, इतकी वर्सं फडात राबले. मायबाप म्हन, सासू म्हन, नवरा म्हन, समद्यांनी जीव लावला, न्हाई म्हनत न्हाई. पर दुखतंय तर बस बाई, असं मला कवा कुनी म्हनलंच न्हाई. आन् म्या बी कुनाला म्हनले न्हाई."

बाहेर जीपमध्ये प्रवासी हॉर्न वाजवत होते.

"वाजू दे त्यांना," आक्का मुकादमाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "वाच बरं आजून एकदा."